पाकीट

बिबवेवाडीला परत आलो त्या रात्रीच
वृंदानं बॅगा उपसल्या.
टेबलावर पासपोर्ट, गुडघ्याचा पट्टा,
सादळलेला चिवडा, जहाजावरचे दोन साबण,
आणि पाकीट.

लग्नात देतात तसलं, वर रुपया चिकटवलेला.
जाण्याआधी तुळशीबागेत घेतली होती डझनभर,
"तिथं कुणाला नोट नुसती कशी द्यायची," म्हणाली होती.
पाकिटावर माझ्या अक्षरात: केतुत.

केतुत म्हणजे चौथा.
त्यांच्याकडे चौथ्या मुलाला तेच नाव ठेवतात,
हे तिनंच त्याला विचारून घेतलं होतं.
रोज संध्याकाळी तो टॉवेलाचं काहीतरी करून ठेवायचा,
एकदा हत्ती, एकदा माकड, माकडाला माझा चष्मा.
न सांगता दुसरी उशी आणली तिच्या गुडघ्याखाली.

माणशी रात्री सोळा डॉलर,
पाच रात्री, दोन माणसं, एकशे साठ.
चौऱ्याऐंशीनं गुणा.
तेरा हजार चारशे चाळीस
आपोआप बिलात, न विचारता.
मी एसटीत चौतीस वर्षं हिशेब तपासले,
न विचारता लागलेली रक्कम मला झोपू देत नाही.

पळणीटकर म्हणाले, काढून टाकता येते की,
पाचव्या मजल्यावर, काउंटरला जायचं.
गेलो. रांग होती.
रांगेत सगळे आपलेच,
कुणी कर्वेनगरचं, कुणी धनकवडीचं,
कुणी कुणाकडे बघत नव्हतं.
काउंटरवरच्या मुलीनं एकच विचारलं,
सेवा आवडली नाही का?
छे छे, म्हटलं, उत्तम आहे,
आम्ही आमच्या हातानं देऊ.

आमच्या हातानं.

शेवटच्या सकाळी केतुत कॉरिडॉरमध्ये उभा होता,
हातात आमच्याच चादरींचा गठ्ठा.
वृंदा लिफ्टपाशी पोचलेली.
पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात, आत चाळीस.
मनात आलं, चाळीस जास्त होतात का,
पळणीटकरांनी दहा दिले,
वीस काढून घ्यावेत, पण पाकीट चिकटवलेलं,
आणि हे सगळं त्याच्यासमोर कसं फोडायचं.
तो गठ्ठा काखेत धरून
तिनं शिकवलेला नमस्कार करायला बघत होता,
हात जुळत नव्हते.
लिफ्ट आली.

"दिलंत ना?" तिनं विचारलं.
"दिलं."

अकरा रुपये कमी भरले म्हणून
मी एका कंडक्टरला निलंबित केलं होतं, स्वारगेटला.
ढमढेरे त्याचं नाव.
सुट्टे नव्हते साहेब, एवढंच म्हणत राहिला.
मी लिहिलं: खुलासा समाधानकारक नाही.

आता ती टेबलापाशी उभी आहे.
पाकीट उचलून नाव वाचते,
उलटं करते, पुन्हा सुलटं.
मी खुलासा शोधतोय,
खिसा, गर्दी, लिफ्ट.
ती काहीच विचारत नाही.
आत जाऊन खिचडीचा कुकर लावते.
एक शिट्टी. दुसरी.
खाली सोसायटीचा रखवालदार गेट ओढतो,
आमच्या चारही बॅगा यानंच वर आणल्या मघाशी,
लिफ्ट बंद होती, तिसरा मजला.
त्याला मी काय दिलं?
"बरं का, थँक्यू" दिलं.

तिसऱ्या शिट्टीला ती बाहेर येते, हात पुसत.
"किती घातले होते?"
"चाळीस."
"आणि वरचा रुपया?"
"तो चिकटलेलाच असतो."

ती नखानं तो सोडवून बघते.
निघत नाही.