दहा मैलांनी थांब

स्किप्टनच्या मागच्या गल्लीत सकाळचे साडेसहा,
दगडी भिंतीवर दहिवर अजून पांढरं,
आणि मी मोटरसायकलला कुकर बांधते आहे.
पाच लिटरचा, मिरजेचा, बुडाशी चेपलेला.
शलाकाला तो लँकेस्टरला हवाय.
"आई, इथे डाळ शिजतच नाही."

मेटकाफ चहाचा मग घेऊन कुंपणाशी उभे.
शहात्तर वर्षं, डावा डोळा काचेचा.
तो कसा गेला ते एकदाच सांगितलं त्यांनी:
रिबलहेडला तंबू बांधताना
लवचिक दोरीचा आकडा निसटला.
"वेग किती होता विचार," म्हणाले.
"शून्य. गाडी उभी होती."
तेव्हापासून आमच्या गल्लीत आकडे बंद.
पट्टे. सपाट, बकलचे.

डाव्या पेटीत पाच किलो तांदूळ.
मग उजवीकडे?
तूरडाळ दोन, गूळ एक,
उरलेल्या दोन किलोंना काही सापडेना,
शेवटी तिचं भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक,
जे ती मुद्दाम विसरून गेली होती.

कुकर मागच्या सीटवर, माझ्या पाठीला टेकून.
जुनी गोधडी भोवती, म्हणजे खडखडणार नाही.
मागचा दिवा झाकला जात नाही ना, दोनदा पाहिलं.
टायरमध्ये हवा थोडी जास्त भरली.
शिट्टी काढून जाकिटाच्या आतल्या खिशात, चेन बंद.
छोट्या वस्तू वाऱ्याला आवडतात.

"पट्ट्याचं शेपूट मोकळं सोडू नको.
चाकाला भूक असते."
मी शेपूट गुंडाळलं, खोचलं, वर एक सुरगाठ.
मेटकाफनी मग कुंपणावर ठेवला,
कुकर दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला.
सामान हललं नाही. अख्खी गाडी हलली.
"बरोबर," म्हणाले, आणि मग उचलला.
"आता दहा मैलांनी थांब."

गार्ग्रेव्ह गेलं. कॉनिस्टन कोल्ड गेलं.
मेंढ्या कुंपणापाशी,
थंडीनं हातमोज्यातली बोटं लाकडाची.
सगळं कसं घट्ट वाटत होतं.
थांबायची गरजच नव्हती खरं तर.

हेलिफील्डला थांबले.
पुढच्या पट्ट्याखालून दोन बोटं आरपार गेली.

काही चुकलं नव्हतं.
गोधडी दबली होती, तांदूळ कोपऱ्यात सरकला होता,
सामान फक्त बसलं होतं आपापल्या जागी.
बसतंच ते. म्हणून तर थांबायचं.

बकल ओढताना आठवलं,
एकोणीस वर्षांपूर्वी सुतळीनं बांधलेल्या
दोन बॅगा घेऊन आम्ही निघालो,
सगळ्यांनी गाठी तपासल्या होत्या, स्टेशनवर, विमानतळावर,
सासऱ्यांनी तर दातांनी ओढून.
दहा मैलांनंतर कोणीच थांबा म्हणालं नाही.
काय काय सैल झालं ते आम्हाला
फार पुढे जाऊन कळलं.
असो. एक ट्रक गेला, गाडी थरथरली,
कुकर नाही.

लँकेस्टरला शलाका कात्री घेऊनच खाली आली.
"अगं थांब, सुरगाठ आहे. टोक ओढ."
ओढलं. सुटली.
ती हसली, मग पुस्तक पाहून हसायची थांबली.
स्वयंपाकघरात सहा मुलं, एकच शेगडी चालू,
चहा बिनदुधाचा, तरी बरा.

परतताना इंगलटनला पेट्रोल भरलं,
पैसे द्यायला जाकिटाची आतली चेन उघडली,
आणि हाताला लागली
शिट्टी.

गाडीवर आता बांधायला काहीच नव्हतं.
घड्याळात चार. ऑक्टोबरचा उजेड, तासा-दोन तासांचा.
फोन लावला. ती म्हणाली, "आई, पुढच्या रविवारी."
चेन पुन्हा बंद केली,
वरून चाचपून पाहिली,
आणि पेट्रोलवाल्या मुलानं विचारायच्या आतच
त्याला म्हणाले,
हो, हो, सगळं घट्ट आहे.