तेरीज

एकतीस मार्च. प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत
चौतीस वर्षं मी याच रात्री
दुसऱ्यांचे आकडे जुळवत बसले.
आज वही माझी. निवृत्तीचं पहिलं वर्ष.
खातं एकच: प्रवास.

एप्रिल. रतनमहाल, जीपचे अठराशे.
मोहाखाली एक अस्वल
पडलेली फुलं वेचत होतं,
पाठ आमच्याकडे, घाई कसलीच नाही,
ओसरीवर भाजी निवडत बसलेल्या बाईसारखं.
पागेदारबाई कुजबुजल्या, "हुबेहूब आमच्या वन्सं."
हसू दाबताना माझ्या हातून लीला चिवडा सांडला.
चिवडा अर्धा किलो, एकशे वीस. वसूल नाही.

मे. गीर. सिंह नाही.
सहा तास धूळ, आणि ओल्या मातीत एक ठसा
ज्यात माझी अख्खी मूठ मावली.
वाटाड्या म्हणाला, "हमणांज गयो."
हमणांज. तो शब्द मी लिहून ठेवलाय
रकमेच्या रकान्यात.

जून, जुलै कोरे. गुडघे.

नोव्हेंबरात वेळावदर. सूर्य टेकला तसे
भोवत्ये गवतावर गोल फिरत उतरायला लागले,
कुठून कुठून, बर्फाच्या मुलखांतून आलेले,
आणि गवताने एकेकाला मुकाट्याने आत घेतलं.
पागेदारबाईंनी मोजले एकशे बारा,
मी एकशे नऊ.
तीन पक्ष्यांवरून रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला.

जानेवारीत नराराची ओहोटी, घोटाभर पाणी.
वाटाड्याने दगड उचलला, खाली ऑक्टोपस;
त्याने रंग बदलला, मग पुन्हा बदलला,
न्हाताना कुणी दार ढकलावं तसा.
पागेदारबाई ओरडल्या, "ठेवा तो दगड जागेवर!"

फेब्रुवारीत छोटं रण. हनीफभाईंनी इंजिन बंद केलं.
लांब घुडखरांचा कळप, पोटापर्यंत मृगजळ,
पाय कुठेच नाहीत.
कुणी काही बोललं नाही. त्याचे पैसे पडले नाहीत.

ऑगस्टचं पान मी मुद्दाम मागे ठेवलं.

विश्वामित्री तीन दिवस कारेलीबागेत मुक्कामाला होती.
पाणी ओसरलं त्या पहाटे दार उघडलं
तर पायरीवर मगर.
आठ फूट, चिखलाच्याच रंगाची, तोंड उघडं,
जणू पत्ता विचारून उत्तराची वाट बघतेय.
लहानपणी काळ्या घोड्याच्या पुलावरून
खारी सिंग खात आम्ही पैजा लावायचो,
ओंडका की मगर.
इतक्या जवळून हे पहिल्यांदा:
मानेवरचे खवले, श्वासाने हलणारी कातडी,
आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकलेला
कुणाच्या तरी राखीचा चमकता धागा.

धरायला आलेल्यांत एक रणजित राठवा, बाविशीचा,
माझ्याकडे न बघता म्हणाला, "मासी, कपडुं आपो."
न्हाणीतला टॉवेल दिला, ओलाच, निळ्या काठाचा.
त्याने तो तिच्या डोळ्यांवर टाकला
आणि ती शांत झाली.
एवढंच लागतं?
चौघांनी फळीला बांधून नेली. टॉवेल तिच्याबरोबर गेला.

अडलंय ते इथे.
टॉवेल एक, एकशे साठ. कशाला नावे टाकू?
प्रवास म्हणावा तर मी घरीच होते,
गाऊनमध्ये, हातात दुधाची रिकामी पिशवी.
प्रवास तिने केला.
वर्षभर मी तिकीट काढून ज्यांच्याकडे गेले
त्यांतल्या एकानेही मला बघितलं नव्हतं;
हिने बघितलं, डोळे झाकेपर्यंत.

पागेदारबाई फोनवर जांभई देत,
"किरकोळ खर्चात टाका नि झोपा हो."
चौतीस वर्षं मी साहेबालासुद्धा
किरकोळात काही टाकू दिलं नाही.

फरक एकशे साठ. पुढील वर्षी ओढला.
नवा टॉवेल घेतला तोही निळ्या काठाचाच.
रात्री न्हाणीत दिवा लावला
की आधी त्याच्याकडे नजर जाते.