जमायची जागा

पुस्तकात लिहिलंय ते असं:
घराचा नकाशा काढा. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवा.
बाहेर एक जागा ठरवा, आग लागली तर सगळं घर जिथे जमेल.
घरच्यांसोबत एकदा करून बघा.
खाली मोठ्या माणसाची सही. मग बॅज.

माझ्या तुकडीत सहा पोरं.
दर सोमवारी चर्चच्या तळघरात येतात, बुटांचा बर्फ जिन्यावर झाडत,
आणि मी येते दिवसभर धान्याचे ट्रक मोजून,
भुवयांवर गव्हाची धूळ तशीच घेऊन.
पाच जणांनी टपालपेटी लिहिली होती.
नाही, चौघांनी. इंग्रिडने शेजारच्या कुत्र्याचं घर.

कोल्टरच्या कागदावर दोन घरं.
दक्षिणेला आईचं, भाड्याचं, पडवीवर निळी ताडपत्री.
उत्तरेला बापाचं, चाकं काढलेला ट्रेलर.
दोन्हींतून लाल बाण निघाले होते
आणि मधोमध येऊन थांबले होते माझ्या एलिव्हेटरपाशी,
म्हणजे गावच्या धान्याच्या मनोऱ्यापाशी, जिथे मी वजनकाट्यावर बसते.
"दोन्हीकडच्या खिडकीतून दिसतो," तो म्हणाला.
दिसतोच. नॉर्थ डकोटात नजरेला अडवायला आहे काय?

मी म्हटलं, जानेवारीत, नुसत्या मोज्यांवर, पाच मैल?
"पप्पांचा पिकअप आहे."
आणि किल्ली आत राहिली तर?
त्याने बराच विचार केला. पेन्सिलीचं टोक चावलं.
"तर मी थांबेन," म्हणाला. "ते येईपर्यंत."

सात वर्षांत मी डोळे झाकून पुष्कळ सह्या केल्यात.
गाठ न येणाऱ्याला गाठीची,
तंबूत रात्रभर रडलेल्याला तंबूची.
ही मात्र हातून होईना.
म्हटलं, दोन घरं तर दोन जागा शोध,
दाराबाहेरच्या, पळत गाठता येतील अशा. आम्ही सगळे येऊ बघायला.

आईकडे एक मिनिट बारा सेकंद.
जोलीन रात्रपाळी करून आलेली, अंगावर नर्सिंग होमचा झगा,
तरी टपालपेटीपाशी पोराच्या आधी पोचली.

शनिवारी बापाकडे. कर्टिसने पहाटे उठून बर्फ ओढला होता,
दारापासून खांबापर्यंत वाट, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या.
कपडे वाळत घालायचा खांब, दोरी नसलेला.
पोरांसाठी कोको होता. कप चारच.
जोलीन कोल्टरला सोडून गाडीतच बसली,
इंजिन चालू, काच वर.

कर्टिसने जळका टोस्ट छताशी धरला. अलार्म किंचाळला.
कोल्टर दारातून, बाप मागच्या खिडकीतून, बूट हातात,
आणि रस्त्यावर गाडीचं दार वाजलं.
ती उतरली. कोरलेली वाट सोडून
गुडघाभर बर्फातून सरळ आली
आणि खांबाच्या पलीकडे उभी राहिली.
कर्टिसकडे बघितलं नाही.
त्यानेही नाही. एका पायावर तोल सावरत तो बूट चढवत राहिला.
कोल्टर बोटाने मोजत होता, पुस्तकात सांगितलंय तसं.
एक. दोन. मग बोट स्वतःच्या छातीवर.
"सगळे आले."
आतला अलार्म कुणी बंद केला नव्हता.
इंग्रिड घड्याळ थांबवायचंच विसरली.

वेळेचा रकाना मी रिकामा सोडला आणि खाली सही केली.

पुढे काही झालं नाही. जोलीन एप्रिलमध्ये फार्गोला गेली,
पोरगा सुट्टीला येतो. उंच झालाय.
बॅज शर्टावर आईने शिवला की बापाने डिंकाने चिकटवला, ठाऊक नाही.
एक कोपरा सुटलेला असतो.

तो पहिला नकाशा, चुकलेला,
मी काट्याच्या खोलीत भिंतीला लावलाय.
ट्रक ड्रायव्हर विचारतात, हा रस्ता कुठला?
मी म्हणते, गाडी जरा पुढे घे.
मागचं चाक काट्याबाहेर आहे.