सात नंबरची विहीर

साड्यावरच्या आमच्या प्रयोगशाळेतून बंदर दिसतं.
खिडकीच्या कठड्यावर कोळशाची रोजची भुकटी,
आणि साठ अंशांच्या पाण्यात उभ्या
सहा बाटल्या.
सात नंबरचं तेल. काळं नाही,
नाचण्याच्या तिजणीसारखं, घट्ट, तपकिरी.

तरुण होती तेव्हा ही विहीर आपणहून यायची वर.
आता दाब उतरलाय.
आता तिनेच कधी दिलेला वायू
दाबून, सुकवून, तिच्याच कुशीतून खाली सोडतात.
तो झडपेतून आत शिरतो,
तेलाचा खांब हलका करतो,
हलकं झालेलं वर येतं.
पाठ्यपुस्तक इथे संपतं.

त्यानंतरचं माझ्याकडे येतं
पाच लिटरच्या कॅनमधून, चिकटपट्टीवर तारीख.

वायू एकटा निघून जात नाही.
काजूच्या भट्टीत पहिल्या वाफेला जे उडतं
तसलं सगळं हलकं सोबत नेतो.
मागे राहिलेलं जड,
लवकर मेण धरतं,
ओतताना कॅनच्या तोंडाशी विचार करत थांबतं.
आणि झडपेपाशी तेल-पाणी असं घुसळलं जातं
की पाण्याच्या एकेका थेंबाला
डांबराची साय चढते.
थेंब थेंबापाशी जातो,
साय मिसळू देत नाही.

पाच मिनिटं. शून्य.
पंधरा. शून्य.
चौथ्या बाटलीच्या तळाशी नखाएवढं पाणी.
पुंडलीक म्हणतो, मॅडम, सुटलं!
मी म्हणते, थांब.
चाळीस. नखाएवढंच.

फोन लावते.
इनासचा चौदातला अकरावा दिवस,
आवाज कॉम्प्रेसरच्या खालून येतो.
गॅस वाढवलास?
"बाय, वयल्यान सांगलें. आंकडो जाय."
किती वाढवलास?
ते सांगत नाही. म्हणतो, दोनशे पिंपं जास्त निघाली.
मग जरा थांबून,
त्यातलं तेल किती, ते तूच बघ.

बघतेच आहे.

माझी आई हुमणात नारळाचा रस घालायची
तेव्हा चुलीपाशी कुणी बोलायचं नाही.
रस फुटला तर दिवस फुकट.
मी पगार घेते तो फुटावं म्हणून,
आणि ते फुटत नाही.
तरी दोन्हीकडे सांगायचं एकच असतं.
अहवालात लिहिते:
औषधाचा डोस वाढवून भागणार नाही.
गॅस कमी करा.

सहावी बाटली कोरी, बिनऔषधाची, तुलनेपुरती.
पुंडलीक धुवायला विसरला.
सकाळी बघते तर तळाशी
अकरा मिलिलिटर पाणी, गढूळ,
पण पाणी.
कुणी काही घातलं नव्हतं तिच्यात,
रात्रभर कुणी हलवली नव्हती, इतकंच.

त्याला तक्त्यात रकाना नाही.
पेन्सिलीने समासात लिहून ठेवलं.