येणाऱ्या पाटीची किंमत

अजून कुणीच पाहिलेली नाही ती.
तरी सीताबर्डीच्या गल्लीत इर्शाद
तिची जाडी दाखवतो दोन बोटांत हवा धरून.
"इतकी. याहून कमीच."
किंमत विचारली की बोटं उघडतात,
हवा निसटते.

अठ्ठावीस हजार, म्हणतो. पेन धरून.
मागच्या सोमवारी पेनाशिवाय बत्तीस होती.
मधे डॉलर हलला असेल,
किंवा इर्शाद.

मला पेन हवंच आहे.
मी साडीचे काठ काढते, आलेखाच्या वहीत,
चौकोन म्हणजे धागा,
आणि एक चौकोन चुकला
की मागावर कुणाचा तरी दीड दिवस वाया.
खोडरबर झिजून वाटाण्याएवढं झालंय.
या पाटीवर म्हणे चूक खोडावी लागत नाही,
नुसती मागे घेता येते.
मागे घेता येते.
गोळीबार चौक येईस्तोवर
तेवढंच घोळवत राहिले तोंडात.

वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब:
अठ्ठावीस, कर धरला तर तेहतीस,
जुना मोबाइल दिला तर दोन वजा,
पौनीकरांकडून तीन काठांचे यायचे आहेत,
ते मार्चपासून यायचेच आहेत.
आईनं डाळीच्या डब्यात हात घातला.
म्हटलं, थांब, किंमत ठरली नाही अजून.
"मंग तू कायची मोजून राह्यली?"

शेजारच्या निनावेकाकांना किमतीत रस नाही.
एकतीस वर्षं रेल्वेच्या टपालडब्यात
रात्री, उभ्यानं, पत्रं छाटली त्यांनी.
ते फक्त मार्ग सांगतात.
"जहाजानं मद्रासले लागन. तिथून ट्रकनं वर.
इथूनच जाईन, पण थांबन नाही.
भिवंडीले उतरन, शिक्का खाईन, मंग मागं फिरन.
तरी तुले चुकवून कलकत्त्याले जाईन एकडाव.
तुया अंगावरून दोनदा जाईन तो डबा, पाय,
तिसऱ्यांदा उतरन."
चहाची बशी खाली ठेवून,
जणू एखादं न पोचलेलं पाकीट आठवावं तसं:
"पोरी, नागपूरले सारंच येते.
नागपूरचं थोडंच असते."

मे उजाडला. सेहेचाळीस.
इर्शाद म्हणाला, बरंच आहे उशीर होतोय ते,
या उन्हात ट्रकमध्ये काचेचा गोंद सुटतो.
मग म्हणाला एकेचाळीस, पेन वेगळं.
मग, पहिली खेप मोठ्या शहरांना.
आपलं मोठं नाही का रे?
तो काउंटरची काच पुसत राहिला.
"त्यांच्या नकाशात पाहावं लागंल, ताई."

काल कुलरच्या वाऱ्यानं वही उलटली
नि शेवटचं पान वर आलं.
सवयीनं एका चौकोनात एकच आकडा लिहिलेला,
तारखेवार, खोडलेला, पुन्हा लिहिलेला,
अठ्ठावीस बत्तीस तेहतीस एकेचाळीस,
जास्त असेल तेव्हा वरच्या ओळीत,
उतरला की खाली.
खाटेवरून पाहिलं तर करवतीचे दात.
आपली करवतकाठीच जवळजवळ,
फक्त दात एकसारखे नाहीत,
एक मधेच उंच, एक अर्ध्यात तुटलेला.

मी तो सरळ केला नाही.
आठाच्या जागी भरीव चौकोन, शून्य मोकळं,
बाहेरून दोन धाग्यांची रेघ.
पौनीकर चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"हे काय काढलं बे?"
म्हटलं, भाव.
त्यांना वाटलं मजुरी मागतेय.
"देतो ना बावा सोमवारी, काहून पाठी लागली?"
कागद मात्र परत दिला नाही.

दुपारी इर्शादचा फोन वाजून थांबला.
मी रंग भरत होते.
पुन्हा वाजला.
"ताई, आता पक्कं समजलं, एकदम पक्कं..."
थांब, म्हटलं,
पेन्सिल घेते.