अकरा मिनिटं कमी

फलज अल कबाईल, कॅम्पची खोली नंबर चौदा.
गुरुवारी रात्री एसीच्या घरघरीवर आवाज चढवून
आम्ही तो सिनेमा पाहिला, इद्रीस हमदुलेच्या पेनड्राइव्हवरचा,
खेडहून निघताना भाच्यानं घाईत भरून दिलेला.
एक तास एकेचाळीस मिनिटांनी इन्स्पेक्टर म्हणाला,
"खुनी याच खोलीत आहे,"
आणि पडदा तिथंच गोठला.
इन्स्पेक्टरचं तोंड उघडं. आत एक दाढ चांदीची.

मी पाइपिंगचा ड्राफ्ट्समन.
अर्धवट लाइन मला झोपू देत नाही.
रद्द झालेल्या एका पाठकोऱ्या ड्रॉइंगवर
अख्खा सिनेमा काढायला घेतला.
डावीकडून जमनादास शेट येतो, साठीच्या केकसकट,
विसाव्या मिनिटाला मरतो.
तोवर घरातल्या प्रत्येकानं त्याला एकेकदा मारून पाहिलेलं,
आणि प्रत्येकाचा बेत दुसऱ्याच्या बेतानं नासलेला:
जावयाचं विष मेहुण्याच्या धक्क्यानं फुलदाणीत,
मेहुणा उताणा पुतणीनं सांडलेल्या तेलावर.
हे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मी समजावलं,
हसू पुढे जातं, संशय मागे येत नाही.

मग प्रेत हलायला लागतं. चार वेळा.
गंभीर खुनात प्रेत एका जागी, माणसं भोवती फिरतात;
इथं माणसं अडकलेली, प्रेतच घरभर हिंडतं.
त्याला झोपाळ्यावर बसवतात, टोपी घालतात,
हात धरून चेकवर सही घेतात,
आणि बहिरा काका त्याला
नळाच्या पाण्याची तक्रार सांगत बसतो, वर म्हणतो,
"तुम्ही निदान ऐकून तरी घेता."
तिथं शाजी, ज्याला मराठीतलं म कळत नाही,
तोही उशीत तोंड खुपसून हसला.

"पुरावा हशाखाली पुरतात," मी भाव खाऊन म्हणालो,
"हसताना डोळे मिटतात ना. म्हणून डॉक्टर.
प्रत्येक हशात तो कडेला, रुमाल घेऊन उभा."
इद्रीस म्हणाला, हट्, जावईच.
नाहीतर त्याला एवढी मिशी कशाला दिलीय?

मोफिज दाराशी चटईवर. चटगावचा. मेसमध्ये भांडी घासतो.
सिनेमाभर हसला नव्हता; मला वाटलं, दमलाय.
म्हणाला, "पानीवाली औरत."
कोण?
"सात गिलास लेके गया. छे वापस आया."

मागे नेलं. तास चौदा मिनिटं.
पुढे काका बोलतोय, बोलतोय,
आणि पार मागे, धूसर, मोलकरीण. ट्रेमध्ये सात.
झोपाळ्याला वळसा. येताना सहा.
शाजीनं स्क्रीनला बोट लावून मोजले.
पुन्हा मागे नेलं. सहाच.

मेसमध्ये फुटक्या ग्लासाचे दोनशे बैसे कापतात.
मोफिज रोज रात्री मोजून मगच झोपतो.

मी डॉक्टर खोडला.
तिला सिनेमात नाव नव्हतं, म्हणून नुसता एक ग्लास काढला.
सगळ्या लाइनी उतारानं तिच्यापर्यंत गेल्या,
एकही जोड जास्तीचा लागला नाही.
इतकं स्वच्छ ड्रॉइंग मी पगारासाठी कधी काढलेलं नाही.

दोन वर्षांनी, सुट्टीत, चिपळूणला पुतण्याच्या फोनवर
उरलेली अकरा मिनिटं पाहिली.
जावई. मिशी खोटी होती.
ग्लासाचं नावही कुणी काढलं नाही.
शूटिंगच्या गडबडीत कुठेतरी एक राहिला असेल, इतकंच.

इद्रीसला कळवलं, त्यानं हसणाऱ्या तोंडांची रांग पाठवली.
मोफिज तोवर दुकमला गेलेला, नंबर बंद.
सांगण्यासारखं होतं तरी काय.
सांगितलं असतं तर खुनाचं त्यानं सोडूनच दिलं असतं.
म्हणाला असता, ठीक,
पण सातव्याचे पैसे मग
कुणाच्या पगारातून कापले?