गुरुवारपर्यंत पाणी नाही

जानेवारीत, बाहेर उणे एकतीस असताना,
सावेरियोने माझं दार वाजवलं.
पावाच्या कागदी पिशवीत एक पान,
कोटाच्या आत, छातीशी धरलेलं,
गारठू नये म्हणून.
"तू नर्स होतीस ना, आइली?"
होते. चौतीस वर्षं, हाडांच्या वॉर्डात.
अंजिराला हाडं नसतात, मी म्हटलं.
"पण दुखतं तर आहे," असं म्हणून
तो पायऱ्या उतरायलाही लागला.

थंडर बेमधल्या आमच्या गल्लीत
निम्मी घरं फिनलंडची, निम्मी कालाब्रियाची,
आणि मधला बर्फ कुणाचाच नाही.

त्याच्या स्वयंपाकघरात खिडकीशी तीन रोपं,
टोमॅटोच्या डब्यांत, गुडघ्याएवढी.
दोन वर्षांमागे भावाने काड्या पाठवल्या होत्या
ओल्या मोज्यात गुंडाळून.
पहिल्याची खालची पानं पिवळी,
नुसता हात लागला की हातात येणारी.
नाडी बघायच्या सवयीने मी मातीत बोट घातलं.
दुसऱ्या पेरापर्यंत चिखल.
"पाणी कधी घालतोस?"
"रोज. कॉफी झाली की."
"किती?"
त्याने कप दाखवला,
निळ्या काठाचा, कोन्चेत्ताचा.
"आधी तीच बघायची हे सगळं.
कितीदा घालायचं ते सांगितलंही असेल तिने.
मी पेपर वाचत असेन."
मी वहीत लिहिलं : पाणी बंद.
कपाबद्दल काही लिहिलं नाही.

दुसऱ्याच्या पानांच्या कडा करपलेल्या.
रात्री हा त्याला हीटरच्या जाळीवर ठेवायचा,
"पाय गार पडतात त्याचे."
पानाखाली मी वीजबिलाची कोरी बाजू धरली
आणि टिचकी मारली.
धूळ पडली.
मग धूळ चालायला लागली.
सावेरियोने छातीवर क्रूस काढला.
लाल कोळी, मी म्हटलं, लगेच कुणी मरत नाही यानं,
पण दुखणं अंगावर काढायचं नाही.

मातीवर प्लास्टिकच्या पिशव्या आवळून बांधल्या,
आणि आम्ही दोघांनी, मिळून एकशे सत्तावन्न वर्षांच्या,
बाह्या वर करून
तिघांनाही टबात उलटं धरून
पानांच्या पाठी कोमट पाण्याने धुतल्या.
एका तुटल्या देठातला चीक माझ्या मनगटावर उतरला.
दोन दिवस खाजत होतं.

एक गोष्ट मात्र तिघांवरही होती, ती कळेना.
हिरव्यात फिकट पिवळे ठिपके, पसरलेले,
जुन्या नकाशात ओल शिरावी तसे.
काही पानं एका अंगाला वाकडी.
चिखलाने हे होत नाही, हीटरनेही नाही.
रात्री उशिरा पुस्तकात सापडलं :
विषाणू. काडीतूनच येतो. औषध नाही.

अशी बातमी मी कितीदा दिली आहे.
आधी बसायचं असतं. समोरच्यालाही बसवायचं.
सकाळी मी बसले, त्याला बसवलं, सांगितलं.

तो भिंगातून बघत राहिला.
"हे? हे डाग?
आमच्या भट्टीमागच्या झाडाची सगळी पानं अशीच.
मला वाटायचं, अंजिराचं पानच असं असतं.
इथल्या दुकानात एकरंगी पान बघितलं की म्हणायचो,
बिचारं, काय झालंय याला."
"आणि फळं धरायची?"
त्याने टेबलावर दोन्ही हातांची ओंजळ केली,
भरलेली असावी तशी,
आणि बराच वेळ सोडली नाही.

फ्रिजवर आता माझ्या अक्षरात कागद आहे :
हीटर नाही. दर चार दिवसांनी पानांची आंघोळ.
गुरुवारपर्यंत पाणी नाही.

मंगळवारी त्याचा फोन.
"बुधवारची संध्याकाळ म्हणजे
जवळजवळ गुरुवारच, नाही का?"
बोट घालून बघ, मी म्हटलं.
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज,
मग खुर्ची सरकल्याचा,
मग खूप वेळ काहीच नाही.
"ओलं आहे," तो म्हणाला.
"अजून ओलंच आहे, आइली."